पिशवी तीच, लेबल नवे

गोठवलेल्या प्लाझ्माची पिशवी डीप फ्रीजरमधून काढली की ती इतकी ठिसूळ असते, की टेबलाच्या कडेवर जरा आपटली तरी तडकू शकते. आत दोनशे ते अडीचशे मिलिलिटर पिवळसर बर्फ असतो आणि वर लेबल असते. त्यावर घटकाचे नाव, रक्तदानाचा क्रमांक, रक्तगट आणि मुदत छापलेली असते. अमेरिकेत उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड तापमानात ठेवलेल्या ‘फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा’ला, म्हणजे सगळे ज्याला एफएफपी म्हणतात त्याला, रक्तदानापासून एक वर्षाची मुदत मिळते. तीच पिशवी ३० ते ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये वीस-तीस मिनिटे ठेवली की बर्फाचा द्रव होतो आणि लेबलवरची दोन विधाने त्याच घटकेला खोटी ठरतात. प्लाझ्मा आता गोठवलेला राहिलेला नसतो आणि वर्षभराची मुदतही संपलेली असते. पुढचा हिशेब तासांचा असतो. रक्ताच्या घटकांची लेबले हा कारकुनी कामाचा भाग आहे, असा समज रुग्णालयांमध्येही आढळतो. वितळवलेल्या प्लाझ्माच्या बाबतीत हा समज सर्वांत घातक आहे. पिशवीत काय आहे हे नजरेला कळत नाही. ते लेबल सांगते, आणि लेबल अपुरे असेल तर डॉक्टर अंदाजावर औषध देत असतो. माझे म्हणणे त्याहून एक पाऊल पुढचे आहे: लेबलवर मुदत कधी संपते एवढे पुरेसे नाही, पिशवी कधी वितळवली ती तारीख आणि तास तिच्या दर्शनी भागावर असलाच पाहिजे.

हा आग्रह समजायचा तर प्लाझ्मा वितळताना काय होते ते पाहावे लागते. प्लाझ्मामध्ये रक्त गोठवणारे घटक असतात आणि ते सगळे सारख्या चिवटपणाचे नसतात. फायब्रिनोजेन थंड तापमानात दिवसच्या दिवस टिकते. घटक ५ आणि घटक ८ मात्र नाजूक आहेत. १ ते ६ अंशांवर ठेवलेल्या वितळवलेल्या प्लाझ्मातला घटक ८ पाचव्या दिवसापर्यंत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटतो. घटक ५ आणि घटक ७ हेही घटतात, पण त्याच्याइतके नाही. शिवाय पिशवी किती अंशांवर वितळवली यावरही आतला पदार्थ ठरतो. अमेरिकी शास्त्रज्ञ ज्युडिथ पूल यांनी १९६०च्या दशकाच्या मध्याला दाखवून दिले, की गोठवलेला प्लाझ्मा थंडीतच सावकाश वितळू दिला तर तळाशी पांढुरका साका बसतो आणि घटक ८चा मोठा वाटा त्या साक्यात उतरतो. हेच क्रायोप्रेसिपिटेट. हिमोफिलियाच्या उपचारांचा चेहरामोहरा या शोधाने बदलला. म्हणजे एकाच दात्याची, एकाच क्रमांकाची पिशवी ३७ अंशांवर वितळवली तर एक औषध मिळते. ४ अंशांवर वितळवून वेगळी केली तर साका हे दुसरे औषध आणि वर उरलेला, घटक ८ कमी असलेला प्लाझ्मा हे तिसरे. वितळवून चार दिवस फ्रीजमध्ये ठेवली तर चौथे. चौघांचा दाता एकच, चौघांचे उपयोग वेगळे. बाहेरून पाहणाऱ्याला यातल्या तीन पिशव्यांत पिवळसर द्रवापलीकडे काहीही दिसत नाही.

अमेरिकेतल्या नियमांनी हा फरक नावात उतरवला आहे. वितळवलेला एफएफपी १ ते ६ अंशांवर २४ तासांपर्यंत त्याच वर्गात राहतो. लेबलवर त्याच्या नावाआधी ‘थॉड’, म्हणजे वितळवलेला, हा शब्द येतो. २४ तास उलटल्यावर तो टाकून द्यायचा नसेल तर त्याचे नाव बदलावे लागते. त्यातून ‘फ्रेश फ्रोझन’ हे शब्द जातात आणि तो नुसता ‘थॉड प्लाझ्मा’ होतो. बंद पद्धतीने, म्हणजे पिशवीच्या आत हवा जाऊ न देता तयार केला असेल तर त्याला वितळवल्या तारखेपासून पाच दिवस मिळतात. गोठवलेल्या पिशवीची मूळ मुदत त्याआधी संपत असेल तर तीच मुदत लागू होते. पिशवी उघडी पडली असेल तर पाच दिवसांचा प्रश्नच येत नाही. रक्तदानानंतर चोवीस तासांच्या आत गोठवलेला प्लाझ्माही याच वाटेने थॉड प्लाझ्मा होतो. यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. अन्न व औषध प्रशासनाने परवाना दिलेल्या घटकांत थॉड प्लाझ्मा नाही. एएबीबी या रक्तसंक्रमणाच्या व्यावसायिक संघटनेच्या मानकांत तो आहे, आणि रक्तघटकांच्या माहितीपत्रकात त्याच्या नावापुढे परवाना नसल्याची खूण म्हणून ग्रीक ओमेगा छापलेला असतो. त्या पत्रकात त्याचे वर्णन स्थिर प्रथिनांचा स्रोत असे आहे आणि गोठण-घटकांची पातळी काळानुसार बदलते असेही बजावलेले आहे. म्हणजे व्यवस्थेला हा पदार्थ वेगळा आहे हे पूर्ण ठाऊक आहे.

लेबल घडते कसे, तेही जवळून पाहण्यासारखे आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या आयएसबीटी १२८ या पद्धतीत पूर्ण लेबल चार इंच लांब आणि चार इंच रुंद असते आणि त्याचे चार चौकोन केलेले असतात. वर डावीकडे रक्तदानाचा तेरा अक्षरांचा क्रमांक असतो. त्यातली पहिली पाच अक्षरे केंद्राची, पुढची दोन वर्षाची आणि उरलेली सहा अनुक्रमाची. वर उजवीकडे रक्तगट, खाली डावीकडे घटकाचे नाव व त्याचा कोड आणि खाली उजवीकडे मुदत. प्रत्येक चौकोनात माणसाला वाचता येणारा मजकूर आणि यंत्राला वाचता येणारा बारकोड असे दोन्ही असतात. मुदतीचा कोड मोठा बोलका आहे. २०२५च्या ५ मार्चला संध्याकाळी साडेसहाला संपणारी पिशवी असेल तर ०२५०६४१८३० असे आकडे येतात. आधी शतकाचा अंक, मग वर्ष, मग वर्षातला ६४वा दिवस आणि शेवटी तास-मिनिटे. तासाची गरज नसेल तर तिथे २३५९ येते, म्हणजे त्या दिवसाची मध्यरात्र. अमेरिकी संघराज्याच्या नियमांत असे बंधन आहे, की मूळ केंद्राने लावलेले लेबल काढायचे नाही, बदलायचे नाही, झाकायचे नाही. अपवाद आहे तो पुढची प्रक्रिया झाल्यावर घटकाचे योग्य नाव आणि आतल्या पदार्थाची अचूक ओळख पटवणारा मजकूर लिहिण्यापुरता. वितळवलेल्या पिशवीवर नवे लेबल चढते ते या अपवादाच्या आधारे. नाव, कोड आणि मुदत बदलते, पण दात्यापर्यंत मागे नेणारा क्रमांक कायम राहतो. उद्या रुग्णाला संसर्ग झाला तर त्या क्रमांकानेच माग काढायचा असतो.

याच नियमांत आणखी एक कलम आहे आणि माझ्या मते अडचण तिथेच आहे. ज्या घटकाची मुदत ७२ तास किंवा त्याहून कमी आहे, त्याच्या लेबलवर दिवसाबरोबर तासही छापणे सक्तीचे आहे. त्यामुळे २४ तासांच्या एफएफपीवर तास येतो. पाच दिवसांच्या थॉड प्लाझ्मावर तो येण्याची सक्ती नाही. मुदतीच्या चौकोनात तारीख आणि मध्यरात्र छापली की कायदा पुरा होतो. आता एक पिशवी सोमवारी पहाटे एकला वितळवली आणि दुसरी सोमवारी रात्री अकराला. दोघींवर मुदत एकच, कारण दिवस तारखेने मोजले जातात. मंगळवारी सकाळी नऊ वाजता पहिलीला वितळवून ३२ तास झालेले असतात, दुसरीला १०. लेबल दोघींना एकाच पंगतीला बसवते. घटक ५ जन्मतःच कमी असलेल्या रुग्णासाठी हा फरक किरकोळ नाही. घटक ८साठी स्वतंत्र औषधे आहेत, घटक ५साठी तसे वेगळे काढलेले औषध नाही. त्या रुग्णाचा आधार प्लाझ्माच असतो आणि त्याला शक्य तितका ताजा वितळवलेला हवा असतो. ब्रिटनमध्ये तर उपयोगच वेळेनुसार ठरतो. वितळवलेला प्लाझ्मा ४ अंशांवर सर्वसाधारण वापरासाठी २४ तास चालतो आणि अनपेक्षित मोठ्या रक्तस्रावासाठी १२० तासांपर्यंत. तिथे पिशवी २० तासांची की ३० तासांची यावर ती कोणाला द्यायची हे ठरते. वितळवल्याची वेळ समोर नसेल तर हा निर्णय कशाच्या आधारे घ्यायचा?

यावर रक्तसंक्रमणातले जाणकार एक भक्कम आक्षेप घेतील, तो टाळून चालणार नाही. घटक ८ची सर्वांत मोठी घट पहिल्याच दिवसात होते, त्यानंतर उतार मंदावतो. मग २४व्या तासाला नाव बदलण्यात शास्त्र कुठे आहे? शिवाय निरोगी दात्यांमध्येच घटक ८ची पातळी सरासरीच्या निम्म्यापासून दीडपटीपर्यंत असते. म्हणजे एका दात्याची पाच दिवसांची पिशवी दुसऱ्याच्या ताज्या पिशवीहून सरस असू शकते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. २४ तासांची रेघ निसर्गाने ओढलेली नाही, ती माणसांनी सोयीसाठी ठरवली आहे. पण त्यातून निष्कर्ष निघतो तो लेबल ढिले करण्याचा नव्हे. दात्यादात्यांतला फरक आपल्या हातात नाही, तो प्रत्येक पिशवीत मोजलाही जात नाही. वितळवण्याची वेळ मात्र आपण स्वतः घडवलेली आणि मिनिटापर्यंत माहीत असलेली गोष्ट आहे. ज्या अनिश्चिततेला इलाज नाही तिचे कारण सांगून जी माहिती हाताशी आहे तीही न छापणे मला पटत नाही. उलट नाव बदलण्याची रेघ कृत्रिम आहे म्हणूनच मूळ वेळ हवी. मग रेघ २४ तासांवर असो वा पुढे कधी सरकवलेली असो, वाचणारा स्वतः हिशेब करू शकेल.

दुसरा आक्षेप तातडीचा. अपघातातल्या रुग्णाच्या अंगातून रक्त वाहते आहे आणि तुम्ही लेबल छापत बसणार? आक्षेपामागची कळकळ खरी आहे. जबर जखमींना प्लाझ्मा लवकर द्यावा याचे पुरावे गेल्या दशकात जमा झाले. २०१५च्या प्रॉपर चाचणीत उत्तर अमेरिकेतल्या १२ ट्रॉमा केंद्रांवरच्या ६८० रुग्णांना प्लाझ्मा, प्लेटलेट आणि लाल पेशी समप्रमाणात देणे आणि लाल पेशी दुप्पट देणे यांची तुलना झाली. एकूण मृत्युदरातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, पण पहिल्या २४ तासांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू समप्रमाण गटात ९.२ टक्के होते, दुसऱ्या गटात १४.६ टक्के. २०१८च्या पॅम्पर चाचणीत हेलिकॉप्टरमध्येच वितळवलेला प्लाझ्मा दिला गेला. ५०१ रुग्णांच्या या अभ्यासात तीस दिवसांतला मृत्युदर ३३ टक्क्यांवरून २३.२ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी डेन्व्हरच्या कॉम्बॅट चाचणीत रुग्णवाहिकेत प्लाझ्मा दिल्याचा फायदा दिसला नाही. शहरातले अंतर कमी आणि रुग्णालय जवळ, हे त्याचे एक कारण मानले जाते. निकाल वेगळे असले तरी एक गोष्ट पक्की झाली: मोठी ट्रॉमा केंद्रे आता रुग्ण येण्याआधीच काही पिशव्या वितळवून तयार ठेवतात. म्हणजे लेबल लावण्याचे काम घाईच्या क्षणी करावे लागतच नाही. ते वितळवतानाच, रक्तपेढीच्या शांत टेबलावर होऊन जाते. घाईचा खरा धोका दोनदा लेबल बदलण्यात आहे, आधी २४ तासांचे, मग पाच दिवसांचे. म्हणून ज्या रुग्णालयात प्लाझ्मा सतत लागतो तिथे पिशवी वितळवली की लगेच ‘थॉड प्लाझ्मा’ हेच नाव द्यावे, एकदाच लेबल लावावे आणि त्यावर वितळवल्याचा तास छापावा. २४ तासांच्या आतला प्लाझ्मा हवा असलेला रुग्ण आला तर त्या तासावरून पिशवी निवडता येईल. पाच दिवसांमुळे पिशव्या वाया जाणेही कमी होते, आणि दान केलेले रक्त वाया जाऊ नये हा काही कमी महत्त्वाचा हेतू नाही.

तिसरा आक्षेप संगणकाचा. हे सगळे रक्तपेढीच्या सॉफ्टवेअरमध्ये असतेच, बारकोड वाचला की वेळ दिसते, मग दर्शनी भागावर गर्दी कशाला? पण संगणक फक्त त्याला जे सांगितले तेच जाणतो. चार पिशव्या एकाच वेळी बाथमध्ये टाकल्या, चार लेबले एकदम छापली आणि ओल्या पिशव्या पुसता पुसता त्यातली दोन अदलाबदल झाली, तर बारकोड अगदी खात्रीने चुकीचे बोलेल. म्हणून एका वेळी एकच पिशवी, एकच लेबल, आणि चिकटवल्यावर जुन्या व नव्या लेबलवरचे क्रमांक ताडून पाहणे, ही शिस्त लागते. ओल्या, दव धरलेल्या प्लास्टिकवर लेबल नीट चिकटत नाही, हेही टेबलावर काम करणाऱ्याला पुरते माहीत असते. आणि पिशवी संगणकाजवळ राहत नाही. ती आपत्कालीन विभागाच्या फ्रीजमध्ये जाते, शस्त्रक्रियागृहात जाते, हेलिकॉप्टरमध्ये जाते. तिथे नर्सच्या हाती फक्त छापलेला मजकूर असतो. रक्तगटाचेच उदाहरण घ्या. लाल पेशींसाठी ओ गट सर्वांना चालतो, प्लाझ्मासाठी नेमके उलटे. ओ गटाच्या प्लाझ्मात ए आणि बी या दोन्हींविरुद्धची प्रतिपिंडे असतात, म्हणून तो फक्त ओ गटाच्या रुग्णाला द्यायचा. प्लाझ्माचा सर्वांना चालणारा गट एबी. तरीही ओ सर्वांना चालतो या सवयीने ओ गटाचा प्लाझ्मा भलत्या रुग्णाला दिल्याच्या घटना ब्रिटनच्या शॉट या रक्तसंक्रमण-दक्षता योजनेने नोंदवल्या आहेत. एबी दाते थोडे असतात म्हणून ट्रॉमा केंद्रे बी-विरोधी प्रतिपिंडे कमी असलेला ए गटाचा प्लाझ्माही वापरतात. तिथे प्रतिपिंडांची तपासणी झाली आहे, हे पिशवीवर दिसणे आणखी गरजेचे होते. डोळ्यांसमोरचा ठळक मजकूर ही शेवटची तपासणी असते आणि ती माणूस करतो.

राहिला जागेच्या गर्दीचा मुद्दा. चार इंचांच्या चौकोनात ‘स्वेच्छा रक्तदाता’, ‘रुग्णाची ओळख पटवा’, ‘संसर्ग संक्रमित होऊ शकतो’ अशा आवश्यक सूचना असतात हे खरे. पण तारीख आणि चार आकडे यांना जागा लागते ती किती? आयएसबीटी १२८मध्ये घटक तयार झाल्याची तारीख-वेळ नोंदवायची सोय आहेच, ती वापरायची आहे एवढेच. रक्तपेढ्यांना पिशवीचा इतिहास पिशवीवरच उमटवण्याची गरज फार पूर्वीपासून कळलेली आहे. गोठवण्याआधी पिशवीभोवती रबर बँड गुंडाळतात आणि गोठल्यावर तो काढून टाकतात. बर्फावर खाच राहते. फ्रीजर मधे बंद पडून प्लाझ्मा वितळला आणि पुन्हा गोठला तर खाच पुसली जाते आणि लपवलेली गोष्ट उघडी पडते. वॉटर बाथमध्ये टाकताना पिशवी दुसऱ्या प्लास्टिकच्या आवरणात ठेवतात. पाण्यातले जंतू पिशवीच्या नळीच्या तोंडाशी चिकटू नयेत, हा त्यामागचा हेतू, शिवाय पिशवी तडकलेली असेल तर गळतीही आवरणात लगेच दिसते. गोठलेल्या अवस्थेचा पुरावा खाच देते. वितळल्यानंतरच्या काळाला अशी कोणतीही खाच पडत नाही. तिथे छापलेली वेळ हाच एकमेव पुरावा आहे.

महाराष्ट्रात हा विषय अधिकच लागू पडतो. भारतात रक्त आणि त्याचे घटक औषधे नियम, १९४५ यांखाली येतात. २०२०च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या भाषेत रक्तपेढीचे रक्तकेंद्र झाले. एफएफपी उणे ३० अंश किंवा त्याहून थंड ठेवून एक वर्ष वापरता येतो. लेबलचे रंग नियमात ठरलेले आहेत: ओ निळा, ए पिवळा, बी गुलाबी, एबी पांढरा. रंग लांबून दिसतो आणि चूक टाळतो, हा चांगला नियम आहे. पण आपल्याकडे अनेक रुग्णालयांची स्वतःची रक्तपेढी नसते. पिशवी शहरातल्या दुसऱ्या टोकाच्या रक्तकेंद्रातून इश्यू होते आणि बहुतेक वेळा रुग्णाचा भाऊ किंवा मुलगा ती आइसबॉक्समधून, ट्रॅफिक कापत, घेऊन येतो. त्या प्रवासात पिशवीबरोबर ना रक्तकेंद्राचा संगणक असतो ना तंत्रज्ञ. वितळवून दिलेला प्लाझ्मा असेल तर तो कधी वितळवला हे सांगणारे दुसरे काहीही त्या डब्यात नसते. कधी शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, पिशवी वॉर्डच्या फ्रीजमध्ये पडते, रात्रपाळीची नर्स बदलते, आणि सकाळी नव्या डॉक्टरला ती पिशवी ताजी वाटू शकते.

म्हणून रक्तकेंद्रांना विनंती आहे, की वितळवलेल्या प्लाझ्माची पिशवी बाहेर देताना वितळवल्याची तारीख आणि वेळ व वापराची अखेरची वेळ बॉलपेनने कोपऱ्यात खरडू नका, नव्या छापील लेबलवर ठळक द्या आणि जुन्या-नव्या लेबलांवरचे क्रमांक दोघांनी ताडून सही करा. रुग्णालयांनी वेळ नसलेली वितळवलेली पिशवी स्वीकारू नये. आणि पिशवी आणायला गेलेल्या नातेवाइकांनी काउंटर सोडण्याआधी लेबलवरचा रक्तगट आणि वितळवल्याची वेळ पाहावी. वेळ नसेल तर ती विचारावी, आणि पिशवी घरी न नेता थेट वॉर्डात पोहोचवावी. ती फ्रीझरमध्ये ठेवून पुन्हा गोठवू नये आणि गरम पाण्यातही बुडवू नये.